मूळपुरुषाचा चेहरा

सासरे वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी नाटकवाले चेहरे बेतायला घरी आले, आणि दोन वर्षं फादियाच्या पोटात दबून राहिलेली भीती उठून बसली.

देकिमुस नुमिसिउस, तिचे सासरे, पुढच्या दालनात दाराकडे पाय करून निजवले होते. दारावर सुतकाची खूण म्हणून सरूची फांदी टांगली होती. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीत चार छोटी लाकडी कपाटं होती आणि त्यांत घराण्याचे चार पूर्वज राहत होते, मेणाच्या चेहऱ्यांनी. ज्यांनी आयुष्यात मोठं सरकारी पद भोगलं त्यांचेच चेहरे घडवायचे, सणासुदीला कपाटाची दारं उघडून त्यांना हार घालायचे, आणि घरात कोणी गेलं की नाटकवाल्यांनी ते चेहरे चढवून, त्या त्या पुरुषाचा पोशाख करून मयतापुढे चालायचं. मेलेल्याला न्यायला त्याचे बापजादे जातीनं येतात, ते असे.

पहिलं कपाट मूळपुरुषाचं होतं. दीडशे वर्षांपूर्वी ह्या घराण्यात पहिल्यांदा पद आणणारा स्पुरिउस. कपाटाखाली त्याचं नाव होतं, त्याची पदं होती. आतला चेहरा मात्र त्याचा नव्हता.

आत होता सेर्विउस, फादियाचा थोरला दीर.

दोन वर्षांपूर्वी सर्वाधिकाऱ्यानं शहर ताब्यात घेतलं तेव्हा सेर्विउस राज्याचा शत्रू ठरला. त्याला शहराबाहेर गाठून मारलं आणि त्याचं डोकं फोरमच्या चौकात भाषणाच्या ओट्यावर आणून ठेवलं. चार दिवसांनी एक अंमलदार घरी आला. शत्रूचा चेहरा घरात ठेवायचा नाही, माझ्यासमोर जाळा, म्हणाला. सासूबाई, कार्व्हिलियाबाई, उठल्या. कपाट उघडलं, चेहरा काढला, शेगडीत टाकला. मेण विरघळेपर्यंत अंमलदार उभा राहिला आणि निघून गेला. कपाटाखालची नावं त्यानं वाचली नाहीत, आणि धुरानं काळवंडलेले सगळे चेहरे त्याला सारखेच. तो गेल्यावर फादियाचं लक्ष गेलं. रिकामं झालं होतं ते मूळपुरुषाचं कपाट.

"म्हाताऱ्याचं काय अडतंय?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "त्याला ओळखणारं कोण राहिलंय?" आणि मुलाचा चेहरा त्यांनी उचलून म्हाताऱ्याच्या जागी ठेवला, आणि मुलाचं रिकामं कपाट भिंतीतून काढून टाकलं.

सासऱ्यांनी शेगडीतली राख स्वतः बाहेर नेऊन टाकली. फादियाचा नवरा औलुस तेव्हा फौजेबरोबर स्पेनमध्ये होता. परत आल्यावर सणाच्या दिवशी त्यानं ते कपाट उघडलं, भावाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. फादियाला दिवस गेले, मुलगा झाला, त्याला आता दात येत होते. दारावर थाप पडली की ती अजून हातातलं काम थांबवायची आणि बाहेरच्या पावलांचा अंदाज घ्यायची.

नाटकवाल्यांचा म्होरक्या युकार्पुस. पोट सुटलेला, बोलका. मेलेल्या माणसाचं सोंग तो स्वतः घ्यायचा.

"म्हातारबुवा डावा पाय ओढायचे, हे मला ठाऊक आहे," तो औलुसला म्हणाला. "पण दिव्यात तेल जास्त झालं की ओरडायचे, हे खरं का?"

"खरं."

"आणि पाहुणे आले की?"

"पाहुणे आले की एक दिवा विझवायचे."

"वा! हे घेतो मी. लोक रडता रडता हसतील." त्यानं पहिल्या कपाटाला हात घातला. "आणि हे तुमचे मूळपुरुष ना? या आजोबा, बाहेर या, जरा उजेडात..."

तो थांबला. चेहरा हातात घेऊन दाराजवळ गेला, परत आला.

"आजोबा भलतेच तरणेताठे आहेत," तो म्हणाला. डोळे मात्र हसत नव्हते.

त्याची माणसं अंगणात पोशाख चढवून एकमेकांना नावं ठेवत होती. युकार्पुसनं तिकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बाईसाहेब, ही डावी भुवई मी ओळखतो. कायम अशी चढलेली, कुणी फसवतंय की काय अशी. ह्यांनी शहरासाठी खेळ भरवले त्या वर्षी मी त्यांचं अस्वल झालो होतो. खरी अस्वलं वाटेत आजारी पडली म्हणून. अस्वलाच्या तोंडावर मी ही भुवई काढली होती. सगळ्यांत आधी तेच हसले. अख्खं शहर बघत होतं."

"लोकांना आठवत असेल?" फादियानं विचारलं.

"ह्यांनी कोणते कायदे केले ते विसरले असतील. अस्वल कोण विसरतंय?" त्यानं चेहरा कपाटात ठेवून दार लावलं. "मी काही पाहिलं नाही. पण उद्या हा माझ्या माणसाच्या तोंडावर नको. आम्हालाही पोरंबाळं आहेत."

तो गेल्यावर औलुसनं कपाळ दाबून धरलं. "हा चेहरा उद्या नेऊच नका."

"अहो, मूळपुरुषाशिवाय मयत निघालंय का कुणाचं?" फादिया म्हणाली. "लोक पहिल्यांदा तेच विचारतील. तडा गेला म्हणालात तर तुकडे दाखवा म्हणतील. मग दोन वर्षांपूर्वी शेगडीत काय गेलं होतं हे सांगायला शहाणा लागणार नाही."

"नवा करून घेऊ."

"मेणाचं काम करणारे सगळे एका गल्लीत बसतात. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल."

"मग तूच सांग काय करायचं ते!"

सासूबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या, केस सोडलेले. त्यांनी मान वर केली. "काही करू नका. जाऊ दे त्याला चौकातून. त्या ओट्यावर नुसतं डोकं ठेवलं होतं माझ्या लेकाचं. उद्या धडासकट जाऊ दे."

"आणि माझं बाळ?" फादियाचा आवाज चढला.

"तुझ्या एकटीचं आहे का गं ते?"

"उद्या कुणी ओळखलं तर हे घर जाईल. हे जातील. आणि ह्याला कोण दारात उभं करील? दहा महिन्यांचा आहे तो, सासूबाई. अजून त्याला धरल्याशिवाय उभं राहता येत नाही."

म्हातारीनं नवऱ्याच्या अंगावरचं वस्त्र सारखं केलं. मग नेहमीच्या सुरात म्हणाली, "तोंड फार चालतं तुझं. तेवढं सूत चाललं असतं तर बरं होतं. लोकर कातायला बसवलं की गाठीच गाठी."

फादियानं ते ऐकलंच नाही. ती कपाटाकडे बघत होती. माहेरी असताना हिवाळ्याच्या सणाला ती आणि तिच्या बहिणी मेणाची फळं करायच्या, बाहुल्या करायच्या. अंजीर तर तिनं एकदा असं केलं होतं की बापानं चावा घेतला होता.

"मी त्याला म्हातारा करते," ती म्हणाली.

दुपारी तिनं गुलामांना लांबच्या कामांना पिटाळलं आणि बाळाला औलुसजवळ दिलं. औलुसचं उद्या चौकात बापावर करायचं भाषण पाठ होत नव्हतं. बाळाला कडेवर घेऊन तो पुटपुटत फेऱ्या घालत होता. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर फादियानं मेण पातळ केलं, रंग जुळावा म्हणून त्यात काजळी मिसळली, आणि समोर सेर्विउसचा चेहरा ठेवला.

पहिला थर बसेचना. जुन्या कडक मेणावरून खपल्या होऊन पडायचा. तिनं थोडं ऑलिव्हचं तेल घातलं. मग आणखी थोडं.

"तेल किती ओततेस?" सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "ते असते तर ओरडले असते."

"तेलाशिवाय लागत नाहीये."

आता मेण हातात यायला लागलं. फादियानं आधी भुवई बुजवली. डावीवर जाडसर वळी ठेवून ती उजवीच्या पातळीला आणली. मग गालाखाली पिशव्या दिल्या, मानेजवळ लोंबती कातडी. कुठे किती सुरकुती पडते हे बघायला तिला लांब जावं लागत नव्हतं. दालनात सासरे निजलेले होतेच. ती जाऊन बघून यायची आणि काडीनं रेघ ओढायची.

सासूबाई कधी जवळ येऊन बसल्या ते तिला कळलं नाही.

"नाकाच्या बाजूची रेघ खोल कर," त्या म्हणाल्या. "ह्यांची तिशीतच पडली होती. आमच्या लेकाचीही पडायला लागली होती."

फादियानं केली.

"ओठ एवढे घट्ट नकोत. दात पडले की ओठ आत जातात, पण सैल होतात."

फादियानं ओठ सैल केले. शेगडीजवळ एक म्हातारा माणूस तयार होत होता. सत्तरीचा, थोडा दमलेला, घरी जेवायला आलेला असावा तसा.

"असा दिसला असता होय," सासूबाई म्हणाल्या.

आणि फादिया नको म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही तळहात त्या गरम गालांवर ठेवले. चटका बसला असणार. त्यांनी हात काढले नाहीत. काढले तेव्हा तळव्यांना काळं मेण चिकटलं होतं, आणि फादियाला दोन्ही गाल पुन्हा करावे लागले.

संध्याकाळी युकार्पुस बघायला आला. त्यानं चेहऱ्याभोवती एक फेरी मारली.

"आता शोभतात आजोबा." त्यानं हनुवटीला बोट लावून बोट चोळलं. "तेलकट वाटतंय जरा."

"गार झालं की बसेल," फादिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली. पुढे बासऱ्या, मग गळे काढणाऱ्या बायका, मग चार पूर्वज आपापल्या जरीच्या काठांत, आणि डावा पाय ओढत, लोकांच्या हातातले दिवे विझवायला धावत युकार्पुस. लोक खरोखरच रडता रडता हसत होते. चौकात पूर्वज हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीनं बसले. मयत ओट्यापाशी बसतं करून ठेवलं. औलुस ओट्यावर चढला.

ओट्याची सावली पूर्वजांच्या मागे पडली होती. तोंडावर ऊन होतं, उन्हाळ्यातलं.

फादिया बायकांत पुढे उभी होती, बाळ कडेवर. औलुस बापाबद्दल बोलला आणि चांगला बोलला. मग मूळपुरुषापासून एकेकाचा पराक्रम सांगायला लागला. तिचं लक्ष पहिल्या खुर्चीवरून हलत नव्हतं. तिनंच आधी पाहिलं. स्पुरिउसच्या पांढऱ्या पोशाखावर, छातीशी, एक काळा थेंब पडला.

तेल, तिला वाटलं. मी ओतलेलं तेल.

मानेची कातडी पहिल्यांदा घसरली. आतल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. तो शिकवल्याप्रमाणे ताठ बसून होता. ओट्यावरून औलुसला त्यांच्या पाठी दिसत होत्या. फादियानं त्याच्याकडे डोळे वटारले, मान हलवली. त्याला वाटलं ती रडतेय. तो स्पुरिउसच्या दुसऱ्या लढाईवर आला होता.

तेव्हा त्यानं थांबावं म्हणून तिनं बाळाच्या मांडीला चिमटा काढला.

बाळ कळवळून रडलं. आजूबाजूच्या बायका वळल्या. औलुस क्षणभर अडखळला आणि बाळाच्या वर आवाज चढवून बोलू लागला. तिनं पुन्हा चिमटा काढला, नखं रुतवून. पोरानं टाहो फोडला. औलुस आणखी मोठ्यानं ओरडला. शहरातला सगळ्यांत समजूतदार नवरा, असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या त्याला.

डाव्या भुवईवरची वळी सुटली, गालावरून ओघळली आणि मांडीवर पडली. खालून सेर्विउसची भुवई वर आली. कुणी फसवतंय की काय, अशी.

"अरे, हा तर अस्वलवाला!" गर्दीतून एक बाई ओरडली.

कुणीतरी हसलं. मग मागून कुठून तरी टाळी वाजली, तिला दुसरी मिळाली, आणि बघता बघता अर्धा चौक टाळ्या वाजवायला लागला. ज्याचं डोकं ह्याच जागी बघून दोन वर्षांपूर्वी लोक खाली मान घालून गेले होते, त्याला. टाळ्या नकोत, फादिया मनात म्हणत होती, हसा, शिव्या द्या, टाळ्या नकोत.

पुढच्या रांगेत बसलेला न्यायाधिकारी उठला. त्याचे दंडधारी शिपाई हलले तशा टाळ्या जागच्या जागी मेल्या. त्यानं खुर्चीजवळ जाऊन मांडीवर पडलेली ती वळी उचलली, दाबून पाहिली.

"मेण ताजं आहे," तो म्हणाला. "कुणाचं काम हे?"

ओट्यावर औलुस तोंड उघडं टाकून उभा होता.

"घरचे सगळे पुढे या. हात दाखवा."

फादियाच्या नखांत काळं मेण होतं. सकाळी राखेनं घासूनही गेलं नव्हतं. बाळाच्या दुपट्याखाली तिनं बोटं मुठीत आवळली. बाळ अजून हुंदके देत होतं. बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

"माझे बघा," सासूबाई म्हणाल्या.

त्या पुढे गेल्या आणि दोन्ही तळवे वर केले. फोड आलेले, फोडांच्या कडेनं काळं मेण.

"तुमच्या माणसासमोर मी दुसराच चेहरा जाळला होता. त्याला कळलं नाही. माणूस बदला तो. हा माझा धाकटा तेव्हा स्पेनमध्ये होता. काल मेण फासलं तेही मीच."

"सुनेचे हात?"

"हिचे?" म्हातारी हसली, आणि ते हसू अगदी खरं वाटलं. "हिला धड लोकर कातता येत नाही. हिच्या सुताच्या गाठी सोडवण्यात माझे डोळे गेले. ही चेहरा काय घडवणार? पोर तेवढं एक नीट झालंय, ते आमच्यावर गेलंय म्हणून."

मागे एकदोघे हसले. न्यायाधिकाऱ्यानं फादियाकडे, रडून लाल झालेल्या बाळाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"बाईमाणूस आहे," तो म्हणाला. "चौकात आमच्या माणसांनी हात लावायची रीत नाही. मरणाची शिक्षा घरच्या कर्त्यानं घरात पुरी करावी. सूर्य मावळायच्या आत." त्यानं वर ओट्याकडे पाहिलं. "कर्ता आता तूच ना, औलुस नुमिसिउस? तू केलंस तर घरावर बाकी काही नाही. नाही केलंस तर मी माणसं पाठवीन, ती सगळ्यांसाठी."

शहराच्या वेशीबाहेर चिता पेटली. दंडधाऱ्यांनी सेर्विउसचा चेहरा आधी टाकायला लावला, मग सासऱ्यांना अग्नी दिला. युकार्पुस पोशाख काढून लांब उभा होता. सोंग उतरल्यावर तो अगदीच साधा, घामाघूम माणूस दिसत होता.

घरी परत येईपर्यंत उन्हं कलली होती. औलुस दालनात मटकन खाली बसला.

"औलुस, तू अंगणात जा," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याच्यानं कोंबडीसुद्धा मारवत नाही, मला ठाऊक आहे. जा. हे तुझ्या हातून व्हायचं नाही, आणि मी होऊही देणार नाही."

तो गेला. लहान मुलासारखा, सांगितलं म्हणून गेला.

"माझ्या खोलीत कोमट पाणी ठेव," त्या फादियाला म्हणाल्या. "आणि ह्यांचा वस्तरा."

फादियानं पाणी ठेवलं. वस्तरा आणला. तो हातात देताना ती म्हणाली, "सासूबाई, हात माझे होते."

"माहीत आहे." त्यांनी वस्तऱ्याची धार अंगठ्यावर लावून पाहिली. "चांगला आहे तुझा हात. पुन्हा कुणाला दाखवू नकोस." मग दुपटं बाजूला सारून त्यांनी बाळाची मांडी पाहिली. नखांच्या खुणा काळ्यानिळ्या झाल्या होत्या. "एवढा चिमटा काढतात का गं? तेल लाव थोडं."

दार आतून लावलं गेलं. कडीचा आवाज फादियानं ऐकला आणि त्यानंतर काही ऐकू येऊ नये म्हणून ती बाळाला घेऊन दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तरी ती ऐकत राहिली. अंगणात औलुस भिंतीकडे तोंड करून उभा होता. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं.

तिनं बाळाच्या मांडीला तेल लावलं. दमलेलं पोर तिच्या कुशीत झोपी गेलं, मधूनच एखादा हुंदका देत. मेण चितेत गेलं होतं. चारही कपाटांची दारं उघडी होती, आणि पहिल्यात काही नव्हतं. आता ह्या घरात शोधण्यासारखं काही उरलं नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

झोपेत बाळानं कपाळाला आठी घातली. डावी भुवई हळूच वर चढली.

फादियानं अंगठ्यानं ती खाली दाबली. अंगठा काढला तशी ती पुन्हा चढली. तिनं पुन्हा दाबली, आणि बराच वेळ तशीच दाबून धरली.